प्रवाळभित्तीच्या पाण्यातील रासायनिक प्रदूषणाचे मापन : ग्रेट बॅरिअर रीफच्या देखरेखीचा इतिहास (१९२८ ते २०२०)

प्रस्तावना

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला समांतर सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेली ग्रेट बॅरिअर रीफ ही जगातील सर्वांत मोठी प्रवाळरचना होय. सुमारे तीन हजार लहानमोठ्या प्रवाळभित्तींच्या या समूहाचा १९८१ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला. क्वीन्सलंड राज्यातील ३५ नदीखोऱ्यांचे पाणी या भित्तीच्या आतील उथळ समुद्रात येऊन मिळते. या खोऱ्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजेच ते महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षाही मोठे आहे. या प्रदेशात गुराढोरांची विस्तीर्ण कुरणे आहेत आणि किनाऱ्यालगत उसाची शेती आहे. शेतातून वाहून आलेला गाळ, खतांतील नत्र व स्फुरद आणि तणनाशके पुराबरोबर समुद्रात जातात व प्रवाळांना अपाय करतात, ही गोष्ट आज सर्वसाधारणपणे मान्य झालेली आहे. मात्र ती मान्य होण्यास अनेक दशके लागली.

प्रस्तुत लेखात या मान्यतेच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. पाण्याचे रासायनिक मापन केव्हा सुरू झाले, त्यामागे कोणते प्रश्न होते, मापनाची साधने कशी बदलत गेली आणि मिळालेल्या आकड्यांचे धोरणात रूपांतर कितपत झाले, या मुद्द्यांच्या आधारे हे विवेचन केले आहे. देखरेखीचा इतिहास हा वरकरणी उपकरणांचा इतिहास वाटतो. वस्तुतः तो पुराव्याच्या जबाबदारीचा इतिहास आहे. ‘नुकसान झाले’ हे भित्तीच्या बाजूने सिद्ध करायचे, की ‘नुकसान होत नाही’ हे प्रदूषण करणाऱ्याने सिद्ध करायचे, या प्रश्नाभोवतीच तो फिरत राहिला असे दिसून येते.

१९२८ : पहिली पद्धतशीर नोंद

ग्रेट बॅरिअर रीफच्या पाण्याचे पहिले पद्धतशीर रासायनिक मापन १९२८-२९ मध्ये झाले. चार्ल्स मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोहीम जुलै १९२८ मध्ये उत्तर क्वीन्सलंडमधील लो आइल्स या लहानशा बेटांवर पोहोचली आणि सुमारे वर्षभर तेथे राहिली. मोहिमेतील रसायनतज्ज्ञ ए. पी. ऑर यांनी या काळात समुद्राच्या पाण्याचे नमुने नियमितपणे घेऊन तापमान, क्षारता, ऑक्सिजन आणि फॉस्फेटसारखी पोषकद्रव्ये यांची नोंद केली. रंगाच्या तुलनेवरून पाण्यातील अत्यल्प फॉस्फेट मोजण्याची रीत त्या वेळी सागरविज्ञानात नव्यानेच रुळत होती.

या मोहिमेचा हेतू प्रदूषण शोधणे हा नव्हता. पोषकद्रव्यांचे प्रमाण इतके कमी असलेल्या उष्णकटिबंधीय पाण्यात एवढी समृद्ध जीवसृष्टी कशी तग धरते, हे कोडे यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे होते. तथापि एका शुद्ध शास्त्रीय जिज्ञासेतून झालेली ही नोंद पुढे साठ वर्षांनी वेगळ्याच वादात साक्षीदार म्हणून उभी राहिली. ‘पूर्वीचे पाणी कसे होते?’ असा प्रश्न जेव्हा निर्माण झाला, तेव्हा त्याचे उत्तर देऊ शकणारी कागदोपत्री नोंद जवळजवळ एवढीच होती. मात्र १९२८ पर्यंत या किनाऱ्यावर युरोपीय वसाहतीला साठ वर्षांच्या आसपास काळ लोटला होता, कुरणे पसरली होती आणि ऊसही रुजला होता. म्हणजे जी नोंद ‘मूळ स्थिती’ म्हणून पुढे वापरली गेली, ती स्वतःच एका बदललेल्या समुद्राची होती. ही बाब लक्षात येण्यास २००३ साल उजाडावे लागले.

कायदा समुद्राचा, प्रदूषण जमिनीचे

प्रवाळभित्तीच्या संरक्षणाचा सार्वजनिक लढा १९६७ मध्ये सुरू झाला. एका ऊस उत्पादकाने एलिसन रीफ या भित्तीवरील चुनखडी काढण्याची परवानगी मागितली. ही चुनखडी उसाच्या शेतात खत म्हणून वापरायची होती आणि ती भित्ती ‘मृत’ आहे असा अर्जदाराचा दावा होता. स्वयंसेवी संस्थांतील विद्यार्थी व पाणबुडे यांनी प्रत्यक्ष पाण्यात उतरून तेथील जिवंत प्रवाळ, मासे आणि मृदुकाय प्राणी यांची यादी तयार केली. कवयित्री ज्यूडिथ राइट ज्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या, त्या वन्यजीव संरक्षण संस्थेने हा प्रश्न लावून धरला. अखेर परवानगी नाकारण्यात आली. भित्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार या प्रकरणात भित्तीच्या पाठीराख्यांवर पडला होता. पुढील इतिहासाची जणू ही नांदीच होती.

मार्च १९७० मध्ये टॉरेस सामुद्रधुनीत ‘ओशनिक ग्रँजर’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळून तेलगळती झाली. खनिज तेलाच्या शोधासाठी भित्तीवर विंधन करण्याचे बेत त्याच सुमारास आखले जात होते, त्यामुळे जनमत अधिक तीव्र झाले. १९७५ साली ऑस्ट्रेलियाच्या संघीय संसदेने ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यान कायदा संमत केला आणि त्यानुसार एक स्वतंत्र प्राधिकरण अस्तित्वात आले. तत्पूर्वी १९७२ मध्ये टाउन्सव्हिल येथे ऑस्ट्रेलियन सागरी विज्ञान संस्था स्थापन झाली होती.

या कायद्याने खाणकाम व तेलविंधन यांना पायबंद बसला. परंतु त्याची हद्द समुद्रापुरती होती. नद्या, शेते आणि कुरणे राज्य शासनाच्या अखत्यारीत राहिली. धोका समुद्रातून, म्हणजे जहाजे व तेलविहिरींतून येईल असे गृहीत धरून यंत्रणा उभारली गेली आणि खरा, संथ, दरवर्षी येणारा धोका मात्र जमिनीवरून येत राहिला. मापन करणारी संस्था एका सरकारची आणि मोजल्या जाणाऱ्या प्रदूषणाचा उगम दुसऱ्या सरकारच्या हद्दीत, अशी ही रचना होती. पुढील अनेक अडचणींचे मूळ या विसंगतीत सापडते.

‘पुरावा कोठे आहे?’ : १९९० चे दशक

शेतीतील पोषकद्रव्यांमुळे भित्तीच्या आतील समुद्र बिघडत आहे, असा इशारा १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागला. क्वीन्सलंड विद्यापीठातील पीटर बेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी असे प्रतिपादन केले की, किनाऱ्यालगतच्या पाण्यात पोषकद्रव्यांचा अतिरेक झाला असून शैवालवाढ प्रवाळांना घातक ठरावी अशा पातळीला पोहोचली आहे. यासाठी त्यांनी १९२८-२९ च्या नोंदींशीही तुलना केली. यावर तीव्र मतभेद झाले. सहा दशकांच्या अंतराने, वेगळ्या पद्धतींनी घेतलेले नमुने परस्परांशी ताडून पाहणे योग्य नाही, असा आक्षेप घेण्यात आला. शास्त्रीय दृष्ट्या हा आक्षेप रास्त होता. मात्र त्याचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, जोवर निर्विवाद पुरावा नाही तोवर शेतीच्या पद्धती बदलण्याची आवश्यकता नाही, ही भूमिका घेणे सोपे झाले.

जगात अन्यत्र असा पुरावा उपलब्ध होता. हवाई बेटांपैकी ओआहू येथील कानेओहे उपसागरात अनेक वर्षे शहरी सांडपाणी सोडले जात होते. १९७७-७८ मध्ये ते उपसागराबाहेर खोल समुद्राकडे वळवण्यात आले. वळवण्यापूर्वी आणि नंतर पाण्याचे सविस्तर मापन झालेले असल्याने पोषकद्रव्ये घटली, पाणी निवळले आणि प्रवाळ सावरू लागले हे आकड्यांनिशी दाखवता आले. पण कानेओहेत प्रदूषणाचा स्रोत म्हणजे मोजके नळ होते. क्वीन्सलंडमध्ये तो हजारो शेतांत विखुरलेला होता. नळ बंद करून पाहता येतो, तसे संपूर्ण नदीखोरे बंद करून पाहता येत नाही.

मापनातही मूलभूत अडचण होती. या प्रदेशातील नद्या वर्षातील बराच काळ संथ किंवा कोरड्या असतात आणि वर्षभराचा बहुतांश गाळ काही दिवसांच्या पुरात वाहून नेतात. नेमक्या त्या दिवसांत चक्रीवादळामुळे नौका समुद्रात जाऊ शकत नाहीत. शिवाय विरघळलेले नत्र सूक्ष्म वनस्पती त्वरेने शोषून घेतात. त्यामुळे शांत हवेत बाटलीत भरून आणलेल्या नमुन्यात ते फारसे आढळतच नाही. जे सर्वाधिक महत्त्वाचे तेच नोंदीतून निसटत होते.

यावर तीन दिशांनी उपाय शोधण्यात आले. पहिला असा की, नत्राऐवजी त्याच्या परिणामाचे म्हणजे पाण्यातील हरितद्रव्याचे मापन करावे. सागरी उद्यान प्राधिकरणाने १९९२ पासून असे दीर्घकालीन मापन हाती घेतले. दुसरा, पुराचा पाठलाग करण्याचा. १९९१ च्या आरंभी फिट्झरॉय नदीच्या महापुराचे गढूळ पाणी केपेल बेटांपर्यंत पोहोचले व तेथील उथळ पाण्यातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले. या सुमारासच जॉन ब्रॉडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराच्या लोंढ्याचे नमुने प्रत्यक्ष समुद्रात घेण्यास प्रारंभ केला. तिसरा मार्ग प्रयोगाचा होता. वन ट्री बेटाजवळ १९९३ ते १९९६ या काळात ‘एन्कोर’ या नावाने एक प्रयोग झाला. त्यात लहान प्रवाळभित्तींवर ठरावीक मात्रेत नत्र व स्फुरद सोडून परिणाम तपासण्यात आले. प्रवाळ सरसकट मेले नाहीत, परंतु त्यांच्या प्रजननावर विपरीत परिणाम झाला. ‘प्रवाळ जिवंत आहेत, म्हणजे सारे ठीक आहे’ या समजुतीला या निष्कर्षाने तडा गेला. भित्ती डोळ्यांदेखत मरत नाही, आघातानंतर पुन्हा उभी राहण्याची तिची शक्ती हळूहळू खचत जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

प्रवाळाचा सांगाडा : एक अभिलेख

मूळ स्थितीचा प्रश्न तरीही शिल्लक होता. त्याचे उत्तर कागदोपत्री दप्तरात मिळाले नाही, ते खुद्द प्रवाळात सापडले. ‘पोराइटिस’ जातीचे घुमटाकार प्रवाळ वर्षाला सुमारे एक ते दोन सेंटिमीटर वाढतात आणि झाडाच्या खोडाप्रमाणे त्यांच्या चुनखडीच्या सांगाड्यात वार्षिक थर पडतात. पीटर इस्डेल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की, किनाऱ्यालगतच्या प्रवाळांचे काप अतिनील प्रकाशात धरले असता काही पट्टे चमकतात आणि हे पट्टे नद्यांच्या पुरांशी जुळतात.

त्यानंतरचे निर्णायक संशोधन माल्कम मॅककलक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. नदीच्या गाळाच्या कणांना चिकटलेले बेरियम खाऱ्या पाण्यात आल्यावर सुटे होते आणि प्रवाळाच्या सांगाड्यात कॅल्शियमची जागा घेते. त्यामुळे सांगाड्यातील बेरियमचे कॅल्शियमशी असलेले प्रमाण हे त्या वर्षी आलेल्या गाळाचे निदर्शक ठरते. बर्डेकिन नदीच्या पुराचे पाणी जेथे पोहोचते, त्या हॅवना रीफ परिसरातील प्रवाळातून सुमारे १७५० ते १९९८ या कालखंडाची नोंद मिळाली. १८७० च्या सुमारापूर्वी मोठे पूर आले तरी बेरियमच्या प्रमाणात फारशी वाढ दिसत नाही. त्यानंतर मात्र ते वारंवार उसळी घेते. युरोपीय वसाहतीनंतर समुद्रात येणारा गाळ पाच ते दहा पट वाढला, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. मूलनिवासींच्या काळात टिकून असलेले गवताचे आच्छादन गुरे व मेंढ्यांच्या चराईने उद्ध्वस्त झाले, हे त्यामागील कारण होते.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने हे संशोधन विशेष लक्षणीय आहे. वसाहतीच्या कागदपत्रांत गुरांची संख्या, जमिनीचे पट्टे आणि साखरेचे उत्पादन आढळते. समुद्रावर त्याचा काय परिणाम झाला याविषयी ती मौन बाळगतात. ज्याची नोंद ठेवण्याची गरज कोणालाच वाटली नाही, ती गोष्ट प्रवाळाने नोंदवून ठेवली होती. ‘नद्या पूर्वीपासूनच गढूळ होत्या’ हा युक्तिवाद यानंतर टिकणे कठीण झाले.

तणनाशके : ज्यांची मूळ पातळी शून्य आहे

गाळ, नत्र आणि स्फुरद हे निसर्गातही असतात. त्यामुळे त्यांतील मानवी वाटा किती, हा वाद नेहमीच संभवतो. तणनाशकांच्या बाबतीत तो संभवत नाही. उसाच्या शेतीत वापरले जाणारे डाययुरॉन हे पूर्णतः मानवनिर्मित रसायन आहे. समुद्रात त्याचा अंश जरी सापडला, तरी तो शेतातून अथवा मानवी वापरातूनच आलेला असतो. डेव्हिड हेन्स, योखेन म्युलर आदी संशोधकांनी २००० साली क्वीन्सलंड किनाऱ्यावरील गाळात व सागरी गवतात डाययुरॉन आढळल्याचे प्रसिद्ध केले. हे रसायन वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण रोखते. प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांचे प्रकाशसंश्लेषणही त्यामुळे मंदावते, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांतून दिसून आले.

येथेही साधनाची अडचण होतीच. एका क्षणी भरलेल्या बाटलीत तणनाशक न सापडणे म्हणजे ते नसणे नव्हे. म्हणून पाण्यात काही आठवडे टांगून ठेवता येतील अशा शोषक चकत्या वापरात आल्या. या चकत्या पाण्यातील रसायन हळूहळू शोषून घेतात आणि त्यांच्या विश्लेषणावरून त्या संपूर्ण कालावधीतील सरासरी प्रमाण काढता येते. पूर येऊन गेला आणि नौका पोहोचली नाही, तरी चकतीत त्याची खूण राहते. ऑस्ट्रेलियाच्या कीटकनाशक नियंत्रण प्राधिकरणाने २०१२ मध्ये डाययुरॉनच्या वापरावर मात्रा व हंगाम यांविषयी कडक निर्बंध घातले. त्यामागे अशा मोजणीचा मोठा आधार होता.

२००३ नंतरची देखरेख : आकडे आणि उद्दिष्टे

ऑक्टोबर २००३ मध्ये संघीय व राज्य सरकारांनी प्रथमच एकत्रितपणे पाण्याच्या गुणवत्तेची योजना स्वीकारली. भित्तीकडे येणाऱ्या पाण्याच्या गुणवत्तेची घसरण दहा वर्षांत थांबवून ती उलट फिरवणे, हे तिचे उद्दिष्ट होते. जमीन आणि समुद्र यांतील प्रशासकीय दरी सांधण्याचा हा पहिला खरा प्रयत्न म्हणता येईल. तिच्या अनुषंगाने २००५ मध्ये सागरी देखरेख कार्यक्रम सुरू झाला. त्यात किनाऱ्याजवळील प्रवाळ, सागरी गवत, पाण्याची गुणवत्ता, पुराचे लोंढे आणि तणनाशके यांचे नियमित मापन होऊ लागले. २००९ मध्ये शेतापासून भित्तीपर्यंतची साखळी जोडणारा एकात्मिक कार्यक्रम आखण्यात आला.

ग्लेन डी-आथ व कॅथरिना फॅब्रिशियस यांनी सुमारे दीडशे भित्तींच्या अभ्यासावरून सुचवलेल्या मर्यादाही याच काळात मार्गदर्शक म्हणून स्वीकारल्या गेल्या. किनारी पाण्यात हरितद्रव्याची वार्षिक सरासरी प्रति लिटर ०.४५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि पांढरी तबकडी सोडली असता ती किमान १० मीटर खोलीपर्यंत दिसावी, अशा त्या मर्यादा होत. ‘प्रदूषित’ या शब्दाला यामुळे प्रथमच मोजता येण्याजोगा अर्थ लाभला.

मापन सुधारले, पण उद्दिष्टे हुकत राहिली. पोषकद्रव्ये व कीटकनाशके २०१३ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे २००९ चे लक्ष्य साध्य झाले नाही. विरघळलेल्या अजैविक नत्रात २०२५ पर्यंत ६० टक्के घट करण्याचे नवे लक्ष्य पुढे ठरवण्यात आले. २०२० च्या प्रगतिपत्रकानुसार तोवरची घट सुमारे एक चतुर्थांश होती. ही घटही प्रतिमानावरून काढलेली होती. पाऊस दरवर्षी इतका बदलतो की प्रत्यक्ष मोजमापात शेतीतील सुधारणेचा परिणाम वेगळा दाखवणे कठीण जाते. टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले. क्वीन्सलंडने २०१९ मध्ये शेतीतील प्रवाहावर कायदेशीर बंधने घातली, तेव्हा शेतकरी संघटनांनी पुन्हा पुराव्याचाच प्रश्न उपस्थित केला आणि संघीय सिनेटच्या समितीने २०२० पर्यंत त्याची चौकशी केली. १९९० च्या दशकातील वाद असा नव्या रूपात परत आला.

दरम्यान काळ थांबला नव्हता. डी-आथ व सहकाऱ्यांच्या २०१२ मधील अभ्यासानुसार १९८५ ते २०१२ या काळात भित्तीवरील जिवंत प्रवाळांचे आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आले. या हानीपैकी ४८ टक्के चक्रीवादळांमुळे, ४२ टक्के प्रवाळभक्षक काटेरी ताराम��शांमुळे आणि १० टक्के प्रवाळ पांढरे पडण्यामुळे झाली होती. ताराम��शांच्या अळ्या ज्या सूक्ष्म वनस्पतींवर पोसतात, त्या वाहून आलेल्या पोषकद्रव्यांमुळे वाढतात, हे अनुमान चार्ल्स बर्कलंड यांनी १९८२ मध्येच मांडले होते. २०१६, २०१७ आणि २०२० मध्ये समुद्राच्या तापमानवाढीने प्रवाळ पांढरे पडण्याच्या व्यापक घटना घडल्या व त्यानंतरही त्या सुरू राहिल्या. त्यामुळे पाण्याची गुणवत्ता गौण ठरली असे नव्हे. उष्णतेच्या आघातानंतर भित्ती सावरेल की नाही, हे काही अंशी तिच्या भोवतालच्या पाण्यावर अवलंबून असते.

भारतीय किनाऱ्याच्या संदर्भात

हा इतिहास भारतीय किनाऱ्यासाठीही उद्बोधक आहे. कच्छच्या आखातातील प्रवाळांना १९८२ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण मिळाले. त्याच आखातात वाडीनार येथे तेलवाहतुकीचे तळ कार्यरत आहेत. महाराष्ट्रात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. झेड. कासिम व एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ मध्ये केली होती. केंद्रीय महासागर विकास विभागाने १९९० च्या दशकाच्या आरंभी किनारी पाण्याच्या प्रदूषणाचे देशव्यापी मापन सुरू केले. किनारी नियमन क्षेत्राच्या १९९१ च्या अधिसूचनेत प्रवाळक्षेत्रांना सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान मिळाले. तथापि येथेही अभयारण्याची सीमा पाण्यात आखली जाते आणि खत, कीटकनाशक व सांडपाणी त्या सीमेबाहेरून, खाड्या व नद्यांतून येते. क्वीन्सलंडला जी प्रशासकीय विसंगती दूर करण्यास १९७५ पासून २००३ पर्यंतचा काळ लागला, ती येथेही विद्यमान आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मूळ स्थितीची नोंद गरज भासण्यापूर्वीच व्हावी लागते. ऑर यांच्या वर्षभराच्या नोंदी प्रदूषणासाठी घेतल्या गेल्या नव्हत्या, तरी साठ वर्षांनंतर त्यांना पर्याय उरला नाही. महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी आपल्या परिसरातील खाडीचे वा किनाऱ्याचे साधे, पण सातत्यपूर्ण मापन करणे या दृष्टीने मोलाचे ठरू शकते. दुसरा, साधनाची मर्यादा ही वस्तुस्थितीची मर्यादा मानली जाऊ नये. बाटलीत नत्र न सापडणे आणि समुद्रात नत्र नसणे या दोन भिन्न गोष्टी असताना त्यांची गल्लत झाली व त्यात मौल्यवान वर्षे गेली. तिसरा निष्कर्ष पुराव्याच्या जबाबदारीविषयी आहे. सिद्धतेचा संपूर्ण भार ज्याचे नुकसान होते त्याच्यावर टाकला, तर प्रत्येक नवा आकडा नव्या शंकेला निमंत्रण देतो आणि निर्णय पुढे ढकलला जातो. मापन संरक्षणाची पूर्वअट असते, परंतु ते स्वतः संरक्षण नव्हे. किती आकडे मिळाल्यावर कृती करायची, हे मोजणीला आरंभ होण्यापूर्वीच ठरलेले नसेल, तर दीर्घकाळची देखरेख हा ऱ्हासाचा काळजीपूर्वक ठेवलेला दप्तरी वृत्तान्त होऊन बसतो.